जर की मुरूम

माणसाच्या तोंडाकडे बघून त्याच्या अंगात काय चाललंय ते सांगायची आमच्या घरात रीत होती, आणि ते सांगायचा मान काशाआत्याचा होता. काशाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची, थोरली बहीण. लग्न होऊन वर्ष उलटायच्या आत तिचं कपाळ पांढरं झालं आणि ती भोंगवलीला, आमच्या गावी, परत आली ती कायमची. चुलीच्या उजव्या अंगाला तिचा पाट असे. सकाळी न्याहारीला बसलेल्या प्रत्येकाची ती तिथूनच तपासणी करी. जिभेवर पांढरी साय दिसली की पोटात मळ. गालावर फिक्के डाग दिसले की जंत. आणि ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा घोस उठला की, आत्याच्याच शब्दांत सांगायचं तर, जर मुतला. जर म्हणजे ज्वर, ताप. पुढं मी मास्तरीण झाले तेव्हा चारचौघांत हा शब्द काढायची मला लाज वाटू लागली आणि मी 'जर फुटला' असं म्हणू लागले. आत्याला असल्या लाजा नव्हत्या. तिचं म्हणणं असं की, ताप अंगातून निघून जाताना ओठावाटे जातो आणि जाता जाता घाण करून जातो.

म्हणून कुणाच्या ओठावर जर दिसला की घरातले सगळे मोकळा श्वास घ्यायचे. त्या दिवशी चुलवणावर मोठं भगुणं चढायचं, पाण्यात कडुलिंबाचा पाला पडायचा आणि आजारी माणसाला डोक्यावरून न्हाऊ घातलं जायचं. ओठाला लोणी लावायचं, पेज बंद करून ज्वारीची भाकरी आणि मुगाचं कढण द्यायचं, आणि काढा असो की आणखी काही, औषध त्या घटकेपासून बंद. "गेला त्यो. आता औषिद कुणाला पाजताय?" असं आत्या विचारायची. मलाही एकदा असं न्हाऊ घातलं होतं. न्हाऊन घोंगडीवर बसले, पुढ्यात गरम भाकरीचा पापुद्रा आला आणि आपण मरणार नाही एवढं मला पक्कं कळलं. इतका सुरक्षितपणा मला पुन्हा कधी वाटला नाही. आज हे लिहिताना त्याचाच राग येतो.

माझी थोरली बहीण हौसा. आम्ही तिला अक्का म्हणायचो. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, उंच आणि हसरी. वेल्ह्याच्या पलीकडे डोंगराच्या पोटाशी एक वाडी आहे, तिथं तिला दिलेली. अक्का वयात आली तशी तिच्या तोंडावर मुरमं उठायला लागली. हनुवटीवर, ओठाखाली, कानशिलापर्यंत. एक बसलं की शेजारी दुसरं. माहेरी आली की ती रोज दुपारी सहाणेवर जायफळ उगाळी. तो घासल्याचा मंद आवाज आणि जायफळाचा उग्र गोड वास म्हणजे माझ्या लेखी अक्का घरी आल्याची खूण. लेप वाळला की ती माझ्यापुढं तोंड करायची. "बघ गं यमे, बसली का?" मी मूळची तोंडाळ. "बसली न्हाईत, पंगत धरून बसल्यात," असं म्हणायचे. ती हसायची आणि लेप तडकून खाली पडायचा.

सासरी मात्र त्या मुरमांवर कुणी हसत नसे. मुरूम तोंडावरचा आणि मुरूम रस्त्यावर टाकायचा, शब्द एकच. तिची सासू एकदा बायकांच्या घोळक्यात म्हणाली होती, "आमच्या नशिबी मुरमाड रान आलं. मुरमाडात काय पिकायचं?" अक्काला लग्नानंतर दोन वर्षं होऊनही मूल नव्हतं. हे तिनं मला परसात, शेण थापताना सांगितलं. सांगताना हात थांबले नाहीत तिचे. त्या दिवसापासून मी तिच्या मुरमांची चेष्टा करायचं सोडलं.

त्या साली ती पंचमीला आली आणि श्रावण सरता सरता तिला ताप लागला. एक दिवस आड येणारा, तिजारा. वेल्ह्याच्या बाजूची भातखाचरं, साचलेलं पाणी, रानातली दमट हवा. तिकडून आलेल्या माणसाबरोबर हा ताप यायचाच आणि कुणाला त्याचं विशेष वाटायचं नाही. डासांचा आणि त्याचा संबंध आम्हाला कुणी सांगितला नव्हता. दुपार कलली की अक्काची नखं निळी पडायची. मग थंडी. घरातल्या सगळ्या वाकळा तिच्यावर टाकून मी त्यांच्यावर आडवी पडायचे, तरी माझ्यासकट सगळं थडथडायचं. मग अंग चुलीसारखं तापायचं, मग घाम, मग ती गाढ झोपायची. आणि दुसऱ्या दिवशी उठून तांदूळ निवडायला बसायची, जसं काही झालंच नाही. तो मधला बरा दिवस फार फसवा. आमचं घर त्या बऱ्या दिवसांनीच फसलं, असं मी म्हणेन.

आप्पा नसरापूरला जाऊन टपालकचेरीतून कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या घेऊन आले. इतकं कडू औषध मी पुन्हा पाहिलं नाही. गुळाच्या गोळीत घालून दिलं तरी अक्का डोळे गच्च मिटायची. त्यानं तिचे कान वाजायला लागले. दुपारी सगळं घर निवांत असताना ती उशाशी बसलेल्या मला विचारायची, "कोण दळतंय गं एवढ्या दुपारचं?" कुणीच दळत नसे. जातं रिकामं, त्याचा खुंटा तसाच उभा. मी म्हणायचे, "कुणी न्हाई." ती ऐकत राहायची. "दळतंय. थांबत न्हाई बघ." ते कोयनेलमुळं होतं हे आप्पांना ठाऊक होतं, त्यांनी सांगितलंही. तरी मला त्या रिकाम्या जात्याकडे पाठ करून बसवेना. मी जागा बदलली आणि त्याच्याकडे तोंड करून बसू लागले.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे चुलतसासरे न्यायला आले. नेमका तापाचा दिवस. पडवीत बसल्या बसल्या त्यांना आतून अक्काचं कण्हणं ऐकू येत होतं. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, पटका सारखा केला आणि खाली बघत बोलला.

"आप्पा, मला जे सांगायला धाडलंय ते सांगतो. भातं पोटऱ्यात आल्यात. तिच्या सासूबाई, आमच्या वैनी, म्हंत्यात, म्हाळ लागायच्या आत सून घरी पायजे. एकदा म्हाळ लागला की लेकीबाळी कोण धाडत न्हाई, आन् पुढं मग... त्यांनी दुसरीकडं बोलणं लावलंय."

"दुसरीकडं म्हंजी?" आप्पांनी विचारलं.

"म्हंजी पोरगी बघितलीया."

आई दाराआड उभी होती, तिनं चौकट धरली. पाहुणे म्हणाले, "ताप उतरला आसंल तर धाडा. मी नसरापुरात पाव्हण्याकडं ऱ्हातो, परवा सांजच्याला येतो. तापलेली मातुर न्हेनार न्हाई. वाटंत काय झालं तर माझ्या माथी."

म्हणजे अक्काचा संसार आता परवाच्या दिवसावर आला होता, आणि परवा तर तापाचाच दिवस होता. त्या संध्याकाळी घरात ताटं वाढली गेली, जेवणं झाली, पण एकमेकांकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा अक्काच्या तोंडाकडे जात होत्या, ओठांकडे, आणि आपण तिथंच बघतोय हे ध्यानात आलं की बाजूला होत होत्या. आत्या तर दोन वेळा दिवा घेऊन तिच्याजवळ बसून आली.

दुसरा दिवस बरा होता. मी परसात आले तेव्हा अक्का रांजणाच्या पाण्यात तोंड बघत उभी होती. ओठाच्या उजव्या कोपऱ्याखाली मोठी, लाल मुरमं झाली होती, आजारात जायफळ राहून गेलेलं. ती दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी एकेक दाबून फोडत होती. पांढरा पू, मग रक्त. मी म्हटलं, "अक्का, आगं डाग पडतील." ती म्हणाली, "पडू दे. आसल्या तोंडानं जाऊ का त्यांच्यापुढं?" तिनं पदराचं टोक ओलं करून टिपलं आणि आत गेली. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला आत्यानं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. ओठाच्या कोपऱ्याखाली पिवळसर खपल्या धरल्या होत्या, भोवती लाली. मग ती मोठ्यानं म्हणाली, "जर मुतला! आगं जर मुतला माझ्या लेकीला!"

आई चुलीपासून उठलीच. आप्पा गोठ्यातून आले. मी भाकरी खाली ठेवली आणि म्हणाले, "आत्या, त्यो जर न्हाई. काल अक्कानं मुरमं फोडल्यात. म्या बघितलंय."

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?"

"जर ओठावर उठतो, ह्ये ओठाच्या खालीय. आन् तूच म्हंतीस ना, आदी चुरचुरतं, मग पाण्याचं फोड येत्यात? कुठंय पाणी? विचार की तिला, चुरचुरतंय का!"

सगळे अक्काकडे बघू लागले. माझी खात्री होती की ती माझ्यासारखंच सांगेल. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "चुरचुरतंय, आत्या. रात्रीपासनं."

त्या क्षणी मला तिचा इतका संताप आला की मी ताटावरून उठून गेले. आप्पा थोडे घुटमळले. "दुपार तर होऊ दे," म्हणाले, "आज पाळी हाय तापाची." तर दुपार झाली, कलली, सांज झाली, आणि ताप आला नाही. नखं गुलाबीच राहिली. आता कळतं की ते कोयनेलचं काम होतं. आठवडाभर पोटात गेलेल्या कडूनं तापाला नुकतंच कुठं दाबलं होतं. पण घरात ते कुणाला सुचणार? पाणी तापलं, कडुलिंब पडला, आणि आत्यानं अक्काला आपल्या हातानं न्हाऊ घातलं. उरलेल्या कोयनेलच्या पुड्या फळीवर मिठाच्या बरणीमागे सरकवल्या गेल्या. पाहुणे आले, त्यांनी अक्काची खपली पाहिली आणि त्यांच्याही तोंडून हेच निघालं, "जर मुतला म्हणा की. ब्येस झालं."

मी परसात रुसून बसले होते. ओले केस मोकळे सोडून अक्का माझ्याजवळ आली.

"यमे, मला जायाचंय गं."

"मरायला?"

"न्हाई गेले तर ती दुसरी आणतील. मग मी कुठं जाऊ? आत्यासारकी चुलीपुढं बसू जलमभर?" हे आत्याला ऐकू जाईल म्हणून तिनं आवाज उतरवला. "आन् खरंच बरं वाटतंय. कानातलं जातं पन थांबायला लागलंय बघ."

आत्याला ते ऐकू गेलं होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. कारण आम्ही आत गेलो तेव्हा ती आपल्या पाटावर नव्हती, भिंतीकडे तोंड करून उभी होती. आत्याला मी पुष्कळ दिवस नावं ठेवली. पण अक्का आपल्यासारखी परत येऊन बसू नये याची धास्ती त्या घरात सर्वांत जास्त तिलाच होती. तिनं त्या खपलीत जर पाहिला, कारण तिला तो पाहायचाच होता.

सकाळी गाडी जुंपली. अक्कानं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ओठाला लोणी चकाकत होतं. आईनं ओटी भरली, आत्यानं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. मी निरोप द्यायला पुढं गेले नाही, पण गाडी वळणाला लागताना तिनं मागं पाहून हात हलवला आणि मीही हलवला. भादव्याचं ते ऊन, पिवळंधमक, अंगाला चटके देणारं. अजूनही त्या महिन्यात दुपारी दारात उभं राहायचं म्हटलं की मला नको होतं.

घर पुन्हा आपल्या कामाला लागलं. आई वरचेवर म्हणायची, "पोचली आसंल, कामाला लागली आसंल." एकदा मीठ काढताना बरणीमागच्या पुड्या आप्पांच्या हाताला लागल्या, तशा त्यांनी परत ठेवल्या. माझ्यापुरतं मी मनात घोकत बसले होते. जर ती मुरमंच असतील, जर ताप आतच असेल, जर तो वाटेत उलटला असेल. या शब्दाचा दुसरा अर्थ मला त्या दिवसांत पहिल्यांदा भेटला. पुढं तीस वर्षं मी मुलांना जर-तरची वाक्यं शिकवली आणि फळ्यावर तो शब्द लिहिताना दर वेळी माझा हात जरासा अडखळला.

म्हाळाचा, पितरांचा पंधरवडा निम्मा सरला असेल, तेव्हा वाडीवरून माणूस आला. उंबऱ्यात बसला, पाणीही घेतलं नाही. "हौसाताईला बरं न्हाई. बोलावलंय," एवढंच म्हणाला. आईला जागेवरून उठवेना. आप्पांनी खुंटीवरची पिशवी घेतली, फळीवरच्या पुड्या कनवटीला बांधल्या आणि मला म्हणाले, "तू चल. तिच्याजवळ बसाया कोनतरी पायजे." आत्या दारापर्यंत आली. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

नसरापूरवरून वेल्ह्याची वाट धरली. तेव्हा ती वाट म्हणजे दगड आणि चिखल, मधूनमधून टाकलेला मुरूम. आज एसटी तासाभरात नेऊन सोडते. वेल्ह्याला गाडी ठेवून आम्ही चालत डोंगराकडे निघालो. दोन्ही बाजूंना भातखाचरं, तोंडाशी आलेली, वारा नाही, कुठे माणसाचा आवाज नाही. पाण्यावर डासांचे थवे. आप्पा पुढे चालत होते आणि एकदाही मागे वळून बघत नव्हते. वाडी दिसली तेव्हा त्यांचा वेग कमी झाला. मला तो वेग कमी झालेला आवडला नाही.

अक्का ओसरीवर घोंगडीवर निजली होती. पोचल्यापासून ती खाचरात बेणायला, तण काढायला, जात होती, हे कळलं. बरी होती, कामाला वाघीण होती, असं तिची सासू सांगत होती. मग एका दुपारी बांधावरच पडली, आणि तेव्हापासून ताप दिवसाआड यायचा सोडून रोजचाच झाला. मी ज्या सासूचा मनात इतका दुस्वास केला होता ती अक्काच्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं तिचे पाय पुसत होती. तिचे डोळे सुजले होते. "दोन रात्री झोपली न्हाई पोर. नुसती बडबडती," ती म्हणाली. आमचे दाजी खांबाला टेकून बसले होते.

मी वाकून अक्काच्या तोंडाकडे पाहिलं, आणि माझ्या काळजात एकदम लख्ख उजेड पडला. ओठाच्या वरच्या कडेला, लाल आणि पांढऱ्या कातडीच्या अगदी शिवेवर, टाचणीच्या डोक्याएवढ्या फोडांचा दाट घोस उठला होता. स्वच्छ पाण्यानं भरलेले, एकमेकांना चिकटलेले, दोनचार फुटून ओले झालेले. आणि त्याच तोंडावर, कोपऱ्याखाली, परसात फोडलेल्या मुरमांचे सुटे काळसर डाग, एकेकटे, हनुवटीकडे उतरत गेलेले. एकाच चेहऱ्यावर दोन्ही शेजारी शेजारी. आंधळ्यानंही हात लावून ओळखलं असतं इतकं वेगळं.

"आप्पा!" मी ओरडले. "आप्पा, ह्यो जर हाय! ह्यो खरा जर हाय!"

सासू म्हणाली, "व्हय गं बाई. सकाळी मुतला. म्यापन तेच म्हनले, आता उतरंल." तिच्या तोंडावर हसू आलं आणि ती पदरानं डोळे पुसायला लागली. आप्पा तिच्याशेजारी बसले. त्यांनी आणलेली पुडी मात्र आत्याचा नेम मोडून पाण्यात कालवली आणि अक्काचे दात उघडून पाजायला बघितली. निम्मी ओघळली. मला त्यांचा राग आला. जर फुटल्यावर कशाला तिला कडू पाजतात, असं मला खरोखर वाटलं. त्या संध्याकाळी मी नाचणीची भाकरी आणि काळ्या घेवड्याची आमटी पोटभर जेवले. घरी जाऊन आत्याला सांगायचं वाक्यही तयार केलं होतं. बघ, तो मुरूम होता आणि हा जर. म्हणजे तिच्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता, पण तिच्या शास्त्रावर पुरता होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर अक्कानं डोळे उघडले. मला ओळखलं असावं. "यमे," म्हणाली, "दळायचं थांबलं का गं?" मी म्हणाले, "थांबलं." ती बरं म्हणाल्यासारखी मान कलती करून पडून राहिली. मी झऱ्यावरून ताजं पाणी आणायला गेले. परत येऊन फडकं पिळलं आणि कपाळावर ठेवण्याआधी सवयीनं हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. नुसतं कोमट नाही, छान गार. मी आनंदानं हाक मारली, "आप्पा, ताप उतरला!"

सासू आतून पळत आली. तिनं कपाळाला हात लावला, गळ्याला लावला, आणि पदर आपल्या तोंडात कोंबला.

पुढचं मला सलग आठवत नाही. घरी आल्यावर आई रडली, शेजारणी रडल्या, मी रडले. काशाआत्या रडली नाही. ती आपल्या पाटावर बसून राहायची, पण न्याहारीला बसलेल्या कुणाच्या तोंडाकडे बघायची बंद झाली. जीभ काढून दाखवली तरी बघायची नाही. थंडीत मला साधा ताप आला, तर आईनं तिला हाक मारली. ती म्हणाली, "मला न्हाई दिसत आताशा." तिला सुईत दोरा ओवता येत होता.

संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. ती सुपात तांदूळ निवडत होती, मी तीळ. जात्याकडे दोघींचीही पाठ होती. वर न बघता ती म्हणाली, "यमे."

"काय?"

"तू तिचं तोंड शेवटाला बघितलंस. देवाशप्पत खरं सांग. त्यो जर व्हता, का मुरमं?"

ती त्या न्याहारीच्या सकाळचं विचारतेय हे मला कळलं होतं. उत्तर माझ्याजवळ कधीचं तयार होतं, चांगलं धार लावलेलं. माझं तोंड उघडलं सुद्धा. मग मला दिसलं की तिची बोटं सुपात नुसतीच फिरताहेत, खडे तसेच तांदळात राहताहेत.

"जर व्हता, आत्या," मी म्हणाले. "देवाशप्पत. म्या माझ्या डोळ्यांनी बघितला. ओठाच्या कडंला, पाण्यानं भरल्याला."

तिनं सूप खाली ठेवलं. मला नव्हे, चुलीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "मग ताप गेला व्हता तिचा."

माझ्या तळव्याला ते गार कपाळ पुन्हा लागलं.

"व्हय," मी म्हणाले. "गेला व्हता."